अक्काचं बोलणं ऐकू येईल अशी गाडी

मिरजेहून सकाळची गाडी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा पाने आणि पकडीच जास्त होत्या. शेजारच्या प्रवाशानं पिशवी सरकवायला हात घातला आणि तो दचकून म्हणाला, "लोखंड नेताय काय?"

"बहिणीकडं चाललोय," मी म्हटलं.

त्याला त्या उत्तराचा अर्थ लागला नाही, आणि मलाही समजावून सांगायचा उत्साह नव्हता.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा मिरजेच्या एका तांत्रिक शाळेत मोटार मेकॅनिकचा विषय शिकवत असे. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, लग्न होऊन धारवाडला गेली आणि तिथल्याच एका मराठी शाळेत शिक्षिका झाली. तिचा आवाज असा, की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला चुकार पोरं असली तरी ती ओट्यावरूनच त्यांना वर्गात आणायची. निवृत्तीनंतर ती आणि दाजी, म्हणजे तिचे यजमान, नवलगुंदच्या बाजूला असलेल्या आपल्या रानात घर बांधून राहिले. तिथं एक वर्ष सुखात गेलं आणि मग अक्काच्या घशात गाठ निघाली. हुबळीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. स्वरयंत्राचा बराचसा भाग काढावा लागला, आणि श्वास घेता यावा म्हणून गळ्याला पुढच्या बाजूनं एक छोटी नळी बसवली. त्या नळीवर बोट ठेवलं की तिला कुजबुजल्यासारखं बोलता येई. तेवढाच तिचा आवाज उरला होता.

त्यानंतर वर्षभरानं दाजींचा शाळेच्या ऑफिसात फोन आला.

"श्रीकांत, रजा काढून ये. गाडी बदलायची आहे. आवाज न करणारी पाहिजे. आणि चिखलात चालणारी."

"जीपला काय झालं?" मी विचारलं.

"जीपला काही झालेलं नाही रे. तू ये बघू."

बेळगाव गेलं, खानापूर गेलं. लोंढ्याला गाडी नेहमीप्रमाणे बराच वेळ उभी राहिली. भाद्रपद सरत आला होता. रुळांच्या दोन्ही अंगांना झाडी इतकी दाट आणि ओली होती, की डब्यात दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. अळणावर मागं पडलं तशी झाडी विरळ झाली, सागाच्या जागी आंबे आणि भाताची खाचरं दिसू लागली. धारवाडच्या फलाटावर उतरलो तेव्हा बारीक पाऊस होता. दाजी दाराजवळच उभे होते. पांढरा शर्ट, पायात रबरी बूट, आणि वर्षात कितीतरी म्हातारं झालेलं तोंड.

"जेवून निघू या का?" ते म्हणाले. "पुढं रस्ता वाईट आहे."

स्टेशनच्या रस्त्यावरच्या खानावळीत जोळद रोट्टी (ज्वारीची पातळ भाकरी), एण्णीगाई (तेलातली भरली वांगी) आणि दही, असं माझं पोटभर जेवण झालं. दाजींनी भाकरीचा चतकोर मोडला आणि बाकीचं ताटातच ठेवलं. वाढपी "इन्नू बेक्री?" (अजून पाहिजे का?) असं विचारत दोनदा येऊन गेला. दाजींनी मान हलवली. "घरी ती मऊ भात आणि ताकच खाते," ते मला म्हणाले. "तिच्यासमोर हे खाववत नाही. इथं येऊन खाईन म्हटलं तर इथंही जात नाही."

जीप बाहेर उभी होती. जुनी, डिझेलवर चालणारी, वर ताडपत्रीचं छप्पर, बाजूंनी उघडी. चारही चाकांना जोर देणारी, म्हणून काळ्या रानात ती लागेच. शहर संपेपर्यंत ठीक होतं. दाजींनी वेग घेतला आणि पायाखालून सुरू झाली ती आधी घरघर, मग कण्हणं, मग एक लांबलचक किंचाळी. गिअर बदलला की किंचाळी थांबे आणि दुसऱ्या पट्टीत सुरू होई. मी कान लावून बसलो. मला सवय आहे. चारही चाकांना जोर वाटून देणारा दुसरा गिअरबॉक्स या जीपमध्ये होता, आणि त्याचे दाते सरळ कापलेले. गाडी चालू आहे तोवर ते एकमेकांवर घासणारच. बेअरिंगही झिजलेली वाटत होती.

"बेअरिंग बदलून बघू," मी ओरडून म्हणालो.

"काय?"

"बेअरिंग!"

दाजींनी मान हलवली. ऐकू आलं की नाही कळलं नाही.

पक्का रस्ता सोडून आम्ही कच्च्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना एरी (काळी, चिकट जमीन), कुठं मिरची, कुठं कापूस, आणि ज्वारीसाठी तयार करून ठेवलेली मोकळी रानं, आभाळापर्यंत सपाट. पाऊस पडला की ही माती चाकाला धरते आणि सोडत नाही. एका ओहोळाशी दाजींनी जीप थांबवली, इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की कानात दडे बसल्यासारखं वाटलं.

"इथं झालं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"श्रावणात हॉस्पिटलातून परत येत होतो. ती मागं आडवी झालेली. उपचारानंतर तिला बसवत नाही. पाऊस होता, माझं सगळं लक्ष वाटेवर. तिच्या नळीत कफ अडकला. श्वास बंद. तिनं हाक मारली असणार, पण ती कसली ऐकू येते? मग टाळ्या वाजवल्या. पत्र्यावर मारलं. मला वाटलं, गिअरबॉक्सचाच आवाज." दाजी स्टिअरिंगकडं बघत बोलत होते. "हा ओहोळ आला म्हणून वेग कमी केला. सहज मागं बघितलं. तोंड निळं पडलं होतं."

मी मागच्या मोकळ्या बाकाकडं वळून बघितलं.

"नळी काढून साफ केली आणि वाचली. पण त्यानंतर मी जीप दर दोन मिनिटांनी थांबवून मागं बघतो."

घरी अक्का ओसरीत उभी होती. गळ्याभोवती पांढऱ्या मलमलीची घडी बांधलेली. ती बारीक झाली होती, पण पाठ तशीच ताठ. तिनं मलमलीखाली बोट नेलं आणि म्हणाली, "लोखंड घेऊन आलास ना? ये."

ते शब्द हवेतून नव्हे, कागदावरून कुणीतरी बोट फिरवावं तसे आले. मी आपोआप कुजबुजलो, "कशी आहेस?"

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "आवाज माझा गेलाय. कान शाबूत आहेत."

दुसऱ्या दिवशी मी जीपखाली गेलो. मला अजून खात्री होती की दुरुस्तीनं भागेल. गिअरबॉक्समधलं तेल बदललं, जाड तेल घातलं, दोन बेअरिंगं बदलली, पायाखालच्या फळीखाली रबर आणि नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) अंथरला. चिखलात पाठीवर झोपून दिवस घालवला. संध्याकाळी वर आलो तेव्हा एक चप्पल त्या काळ्या मातीनं गिळलेली होती, ती शेवटपर्यंत मिळाली नाही. अक्का ओसरीत बसून हसत होती. तिचं हसणं आता दिसायचं फक्त, खांदे हलायचे.

मग आम्ही तिघं फेरी मारायला निघालो. आवाज कमी झाला होता. मला समाधान वाटलं.

"बघा, निम्म्यानं उतरला," मी म्हणालो.

दाजींनी बांधापाशी जीप थांबवली आणि मागं वळून विचारलं, "काही बोललीस?"

अक्कानं नळीवर बोट ठेवलं. "घरापासून बोलतेच आहे," ती म्हणाली.

माझं समाधान तिथंच संपलं. त्या क्षणी ठरलं, की आता वाचून, विचारून, कागदावरच्या आकड्यांवरून गाडी निवडायची नाही. अक्का मागं बसेल, दाजी चालवतील, आणि तिचं बोलणं ज्या गाडीत त्यांना ऐकू येईल ती घ्यायची. ही कल्पना अक्काचीच होती. "मीच तपासनीस," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात तिला हॉस्पिटलात दाखवायचं होतं. ती फेरी आणि गाड्या बघणं एकाच दिवशी करायचं ठरवून आम्ही सकाळी हुबळीला निघालो. हॉस्पिटलात अक्काला तपासणीसाठी पडद्याआड नेलं. थोड्या वेळानं डॉक्टरांनी दाजींना त्याच खोलीत बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दाजी बाहेर आले ते सरळ नळाशी गेले, तोंड धुतलं, रुमालानं पुसत राहिले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. चल, गाडी बघू."

अक्का मागून आली. ती काही बोलली नाही. मला वाटलं, थकली असेल.

तिला मलमल घ्यायची होती म्हणून आधी दाजीबानपेठेत, हुबळीच्या कापडबाजारात, गेलो. नळीवरचं कापड दिवसातून किती वेळा तरी बदलावं लागतं, आणि ते विरळ पाहिजे, नाहीतर श्वास कोंडतो. बोळासारख्या रस्त्यावर कापडाच्या गाठी उतरत होत्या, हमाल "बाजू, बाजू" करत जात होते. दुकानदार निपाणीकडचे, दोन पिढ्या हुबळीत असलेले. अक्कानं कापड दोन बोटांत धरून तोंडाजवळ नेलं आणि त्यातून श्वास घेऊन बघितला. "यापेक्षा पातळ," ती कुजबुजली.

"आहे की, बाई," दुकानदारही कुजबुजले. मग गड्याला कुजबुजत सांगितलं, "वरचा गठ्ठा काढ." गडीही कुजबुजत "होय" म्हणाला. त्या गोंगाटाच्या पेठेत एका दुकानात सगळे चोरून बोलू लागले. अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि तिचे खांदे हलले.

त्याच दुकानदारांनी दोन पत्ते सांगितले. अमरगोळच्या बाजार आवारात एका अडत्याची छोटी पेट्रोल गाडी विकायला आहे. आणि नवनगरात एका बाईंच्या दारात एक मोठी बंद गाडी कधीपासून उभी आहे. "ते साहेब वारले, पाटबंधाऱ्यात होते," ते म्हणाले. "बाई कुणाला दाखवत नाहीत म्हणतात. बघा विचारून."

पण आधी आम्ही नवीन गाडीचं दुकान गाठलं. काचेच्या आत चकचकीत जीप उभी होती. टाय लावलेला तरुण विक्रेता आमच्याबरोबर फेरीला बसला आणि बसल्या बसल्या त्यानं टेप लावली.

"आवाज अजिबात नाही, सर. घरात बसल्यासारखं."

"टेप बंद करा," मी म्हणालो.

टेप बंद झाली, दाजींनी वेग घेतला, आणि तीच ओळखीची किंचाळी पायाखालून वर आली. नवी, तरुण, पण तीच. विक्रेता बोलतच होता. परत आल्यावर दाजींनी अक्काला विचारलं, "काही बोललीस काय?"

"होय."

"काय?"

"हा मुलगा खोटं बोलतोय, म्हणाले."

विक्रेत्याला ऐकू गेलं. तो कानापर्यंत लाल झाला, आणि मग, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं, दार उघडून त्यानं अक्काला हात धरून अलगद खाली उतरवलं.

अमरगोळला मुगाचा हंगाम चालू होता. आवारात पोत्यांच्या थप्प्या, बैलगाड्या, ट्रक, आणि सगळ्यावर तरंगणारी मुगाची पिवळट धूळ. अडते, त्यांना सगळे बसण्णा म्हणत होते, पोत्यांवर बसून फोनवर भाव सांगत होते. आम्हाला बघून फोन ठेवला. "बर्री, बर्री (या, या). मराठी येतं मला. कूडरी (बसा)."

त्यांची गाडी छोटी, पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी, वर कापडी छप्पर. इंजिन सुरू झालं तेव्हा मी वाकून बघितलं, खरंच सुरू झालंय की नाही. दाजींचा चेहरा उजळला. आम्ही आवाराबाहेरच्या रस्त्यावर गेलो. गिअरचा आवाज होता, पण दबलेला. मागून कुजबूज आली, दाजींनी ती ऐकली, आणि त्यांनी खाडकन ब्रेक मारला, कारण तो शब्द "धूळ" होता.

छपराचं कापड फडफडत होतं आणि त्याच्या फटींतून ट्रकांनी उडवलेली मुगाची धूळ आत घुसत होती. अक्का दोन्ही हातांनी मलमल गळ्यावर दाबून खोकत होती. नळीतून येणारा तो खोकला कोरडा आणि शिट्टीसारखा. दाजी मागं चढले, बाटलीतल्या पाण्यानं कापड ओलं केलं, तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. बसण्णा धावत आले. त्यांनी विकण्याचं नाव काढलं नाही. उलट म्हणाले, "अक्का, ही गाडी तुम्हाला नको. तुम्हाला बंद गाडी बघा. मी विकणार नाही तुम्हाला." आणि आम्हाला ताक पाजूनच सोडलं.

नवनगरला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. सरळ आखलेले रस्ते, एकसारखी घरं, दारात गुलमोहर. त्यातल्या एका घराच्या पडवीत ती गाडी उभी होती. उंच, लांब, सगळीकडून बंद, काचा असलेली. कुठल्यातरी कालव्याच्या प्रकल्पासाठी परदेशातून आलेली आणि नंतर लिलावात निघालेली. विमलाबाई दारात आल्या, पण उंबरा ओलांडून बाहेर आल्या नाहीत.

"विकायची नाही असं नाही," त्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "पण येतात ते लोक आधी टायरला लाथ मारतात. मला बघवत नाही."

अक्का पुढं झाली आणि कानडीत बोलू लागली. सावकाश, एकेक वाक्य, मध्ये श्वासाला थांबून. ती गाडीच्या बाबतीत बोलेल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, साहेब कशानं गेले. विमलाबाईंनी सांगितलं. कुजबुजतच सांगितलं, आणि मध्येच त्यांच्या लक्षात आलं की आपणही कुजबुजतोय, तशा त्या ओशाळून हसल्या. मग त्यांनी अक्काला आत नेलं. आम्हाला चहा आला. अक्कासाठी त्यांनी दूध आणलं, ते स्वतः दोन पेल्यांत वरखाली करून गार करून.

किल्ली त्यांनी दाजींच्या हातात दिली. "ते रोज कालव्यावर जायचे," त्या म्हणाल्या. "या गाडीतून मला कधी नेलं नाही. चिखल होईल म्हणायचे."

"तुम्ही चला," अक्का म्हणाली.

त्या घटकाभर उभ्या राहिल्या, मग पायात चपला घालून अक्काच्या शेजारी येऊन बसल्या.

आधी पक्का रस्ता, मग दाजींनी मुद्दाम गावाबाहेरच्या शेतवाटेला गाडी घातली. चारही चाकांचा जोर लावला. मी श्वास रोखून ऐकत होतो. किंचाळी आली नाही. या गाडीच्या त्या दुसऱ्या गिअरबॉक्समध्ये दात्यांऐवजी साखळी होती, हे मी निघायच्या आधी खाली वाकून बघितलं होतं, पण बघणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. खालून फक्त एक सलग, मऊ गुणगुण येत होती. चिखल चाकांखाली चुरचुरत होता, तोही ऐकू येत होता.

अचानक दाजींनी गाडी उजवीकडं घेतली. डाव्या बाजूनं पाण्यानं भरलेला मोठा खड्डा गेला.

"दिसला तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही. तिनं सांगितलं."

मला ऐकूच आलं नव्हतं, माझं लक्ष साखळीकडं होतं. दाजींना आलं होतं.

परत आल्यावर मी माझं काम केलं. मला ते करणं भाग होतं. "दाजी, ही घेऊ नका," मी म्हणालो. "आवाजाला उत्तम आहे. पण हिचे सुटे भाग इथं कुठं मिळायचे? साखळी गेली तर मुंबईपर्यंत हुडकावी लागेल. दहा वर्षांनी ही गाडी दारात पडून राहील."

दाजी विचारात पडले. अक्कानं नळीवर बोट ठेवलं.

"श्रीकांत," ती म्हणाली, "किती वर्षांसाठी घ्यायचीय?"

विमलाबाईंनी मान वळवली. मी खाली बघत पिशवीतले पाने उगाचच नीट लावत राहिलो.

गाडी आम्ही त्याच संध्याकाळी घेऊन निघालो. "उभी राहून मरते बघा गाडी," विमलाबाई म्हणाल्या. "न्या." जीप मी दुसऱ्या दिवशी येऊन नेणार होतो. निघताना त्यांनी अक्काच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि स्वतः लावावं की नाही अशा संकोचानं करंडा धरून उभ्या राहिल्या. अक्कानं त्यांच्या हातातून करंडा घेतला आणि त्यांना कुंकू लावलं.

नवलगुंदच्या रस्त्याला लागलो. पश्चिमेला ऊन होतं आणि पुढं काळं रान. दाजी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, अक्का मागं उशीला टेकून. कच्ची वाट सुरू झाली तशी ती म्हणाली, "अहो."

"हं."

"डॉक्टर काय म्हणाले, ते मी ऐकलंय. पडद्याआड होते मी."

जुन्या जीपमध्ये दाजी "काय?" म्हणाले असते. वर्षभर ते असंच चाललं होतं, हे मला नंतर कळलं. ती वाटेत बोलायची, ते "काय?" विचारायचे, ती पुन्हा बोलायची, तिसऱ्यांदा तिची ताकद संपायची. घरी गडीमाणसं असायची, नाहीतर दाजी रानात निघून जायचे. या गाडीत "काय?" म्हणायला जागा नव्हती.

"पुन्हा गाठ आलीय," अक्का म्हणाली. "उरलेलंही काढायचं. मग एवढंसुद्धा बोलता येणार नाही. आणि तुम्ही हो म्हणून आलात."

"हो म्हटलं," दाजी म्हणाले. "दुसरं काय म्हणणार? तू पाहिजेस मला."

"मला विचारायचं होतं."

दाजींनी गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं. मी दार उघडून खाली उतरायला लागलो, तर अक्का म्हणाली, "बैस तू. चिखल आहे. दुसरी चप्पलही जाईल."

दाजी पूर्ण मागं वळले. त्यांचे डोळे भरले होते. "विचारतो," ते म्हणाले. "आता विचारतो. ऑपरेशन करू या काय?"

तिनं बाहेर बघितलं. रानात दूर कुणीतरी कुळव सोडत होतं.

"करू या," ती म्हणाली. "पण मी म्हणते म्हणून. आणि दसरा झाल्यावर. तोवर मला बोलायचंय."

"कुणाशी?"

"तुमच्याशी. आणखी कुणाशी?"

दाजींनी पुन्हा पुढं बघितलं, गिअर टाकला. अक्का लगेच सुरू झाली. आंब्याचं जुनं झाड त्यांनी न विचारता तोडलं होतं, तिथपासून. श्वासाला थांबत, एकेक वाक्य. दाजी "हं" म्हणत होते, मध्येच "तसं नव्हे ते" म्हणत होते, आणि ती "ऐका आधी" म्हणत होती. घर आलं तरी ते दोघं गाडीतच बसून राहिले. मी पिशवी घेऊन आत गेलो आणि चूल पेटवून भात टाकला.

मी आणखी काही दिवस राहिलो. रोज संध्याकाळी दाजी गाडी काढायचे आणि दोघं फिरून यायची. कामाशिवाय. एकदा मी विचारलं, "काय बोलते एवढं?"

"सगळं," दाजी म्हणाले. "लग्नापासूनचं. बहुतेक माझ्याविरुद्धच आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "मला कितीतरी माहीतच नव्हतं रे."

परतीच्या दिवशी ती मला सोडायला धारवाड स्टेशनवर आली. पाऊस उघडला होता. दसऱ्यानंतर मी पुन्हा येणार होतो, पण तोवर तिचं बोलणं संपलेलं असणार, हे तिला आणि मला माहीत होतं. मिरजेची गाडी यायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. ती काहीतरी सांगेल, जन्मभर जपून ठेवावं असं काही, म्हणून मी तिच्याकडं झुकून बसलो होतो. ती समोरच्या मालगाडीचे डबे बघत होती.

गाडी आली. दाजींनी पिशवी वर दिली. अक्कानं डबा माझ्या हातात ठेवला, मलमलीखाली बोट नेलं.

"वर चपात्या आहेत, खाली भाजी," ती म्हणाली. "भाजी आधी खा. टिकायची नाही."

गाडी हलली. दोघं फलाटावर उभी होती, मग दिसेनाशी झाली.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. अक्का त्यातून उठली आणि पुढं पुष्कळ वर्षं त्याच रानात राहिली. आसपासच्या मुलांना पाटीवर शिकवलं, टाळ्या वाजवून घर चालवलं. गाडीची साखळी खरंच गेली, आणि दाजींनी ती खरंच मुंबईपर्यंत हुडकली. पण तिचा आवाज मी त्या दिवसानंतर ऐकला नाही. मोठं काहीतरी ऐकायला मी झुकलो होतो. पुढं पुष्कळदा वाटलं, की तिला जे मोठं सांगायचं होतं ते तिनं ज्याला सांगायचं त्याला सांगितलं होतं. मला तिनं भावाला सांगतात ते सांगितलं.

त्या दिवशी लोंढ्याला गाडी थांबली. मी डबा उघडला, चपात्या बाजूला काढल्या आणि भाजी आधी खाल्ली.